बशीर मिस्त्रीची दोन बोटं

माही नात नागपूरले नोकरी करते. परवा तिचा फोन आला. म्हणे, आजी, घरी कॉफी दळाची मशीन घेऊन राह्यली, कोणती घेऊ? फोनवरच तिनं मले चित्रं दाखवले. एकात पातं होतं, एकात दोन चकत्या होत्या, एक हातानं फिरवाची, एक बटनाची. सारखी बोलून राह्यली, हिचं असं हाय, तिचं तसं हाय.

मी म्हटलं, "तुह्या घरी कॉफीचा दाणा हाय का?"

"नाई. मशीन आली का आणीन."

"मंग तू उलटी चालून राह्यली, माय."

हे बोलणं माहं नाई. बशीर मिस्त्रीचं हाय. फोन ठेवला अन् दिवसभर मले तोच दिसत राह्यला.

मी चौथी शिकलेली बाई. सही येते, बसची पाटी वाचता येते, तेवढंच. जसं आठवते तसं सांगते.

पांढरकवड्याले बस स्टँडच्या मांगच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार टिनं अन् एक टेबल. पाटीवर नाव नव्हतं, नुसती एक चक्की काढली होती रंगानं, ते बी अर्धी पुसलेली. मिक्सर, घरची चक्की, मसाल्याची मशीन, पाण्याची मोटार, सारं दुरुस्त करे. जुन्या मशीनी घेऊन नीट करून इके बी. अंगानं उंच, पण वाकलेला, एक पाय वढत चाले. जवानीत तो ट्रकवर क्लीनर होता. हैदराबाद, अन् त्याच्या बी खाली, जिथं कॉफीचे मळे हायेत तिथंवर जाये. एक बार ट्रक पलटला, पाय मोडला. घरी आला तं बगलेत कपड्याची थैली अन् त्या थैलीत लोखंडाची एक लहानशी हातचक्की. त्याची बायको, आमची जुबेदाभाभी, हसून सांगे, "लोक तिकडून साडी आणते, यायनं लोखंड आणलं."

ते हातचक्की त्यानं टेबलाच्या कोपऱ्याले बोल्टनं ठोकली होती. रोज चार वाजता हातातलं काम ठेवे, हात धुवे, मूठभर कॉफीचे दाणे तिच्यात टाके अन् फिरवे. दाणे त्याले ट्रकवाले आणून देत. फिरवताना कोणाशी बोले नाई. मान कलती करून आयके. गिऱ्हाईक आलं तं दुसरा हात वर करे, थांब म्हणून. दळून झालं का भुकटी कागदावर काढे अन् तशीच ठेवून देये.

"उतरवा ना आता पाण्यात," कोणी म्हणलं तं म्हणे, "थंडी होऊ दे. गरम पीठ खोटं बोलते."

हे त्याचं नेहमीचं होतं. गरम पीठ खोटं बोलते. मशीनीतून निंगालेलं पीठ हाताले बारीक लागते, मऊ लागते, थंडं झालं का त्याची खरी कणी कळते. म्हणून तो कोणतंच पीठ गरम असताना पाहे नाई. थंडं झालं का आंगठा अन् त्याच्या बाजूचं बोट, या दोन बोटात चिमूट घेऊन घासे. डोये मिटे. मंग जिभेले लावे. मंग बोले.

त्याचं सारं दुकान त्या दोन बोटांवर होतं. पीठ घासून सांगे का चकती झिजली, का बेरिंग गेली, का गहूच ओला होता. मशीन खोलाची गरजच नसे. एक बार एक बाई अन् गिरणीवाला भांडत भांडत त्याच्याकडे आले. बाई म्हणे माह्या गव्हात यानं दुसऱ्याची ज्वारी मिसळली. गिरणीवाला म्हणे मी तशातला नाई. दोघं बी तावात. बशीरभाऊनं पीठ कागदावर काढलं अन् दोघायले बाकड्यावर बसवलं.

"सांगा ना मिस्त्री."

"थंडं होऊ द्या."

"अवो, हे कालचं पीठ हाय, थंडंच हाय."

"पीठ नाई. तुमी थंडे व्हा."

मंग त्यानं पीठ घासलं अन् सांगतलं का ज्वारी हाय, पण मुद्दाम टाकली नाई, पहिल्याचं दळण मशीनीत राह्यलं होतं थे आलं. गिरणीवाल्यानं कबूल केलं. बाईनं बी सोडून दिलं. बशीरभाऊ म्हणला का मंग झालं, त्याच्यावर कोणी बोले नाई.

मशीन इकताना तं त्याची रीत अजून वेगळी. गिऱ्हाईक आलं, मले मिक्सर दाखवा म्हणलं, का हा म्हणे, "पहिले दाणा दाखव. मशीन बाद में." तुमी घरी काय दळता थे पिशवीत घेऊन या, मंग मी सांगतो कोणती घ्याची. लोक चिडत. काही दुसरीकडे जात. मारेगावकडचा एक शेतकरी आला होता, चांगला खातापिता माणूस, पोरीचं लग्न होतं. म्हणे, "सगळ्यात मोठा मिक्सर द्या."

"काय दळन पोरगी?"

"काय बी दळन. तुमाले काय कराचं?"

"पोरीले आणा."

"अहो मिस्त्री, मांडवात ठेवाचा हाय, चार लोकायनं पाह्यला पाह्यजे."

"लोकायले दाखवाचा असन तं कपाट घ्या. कपाट मोठं दिसते."

तो माणूस बडबडत गेला. दुसऱ्या दिवशी पोरगी एकटीच आली, रुमालात जवस बांधून. म्हणे, मले जवसाची चटणी लागते, बाकी सासरी काय दळू देतीन माहीत नाई. बशीरभाऊनं तिले एक लहानशी मशीन देल्ली. तिचं जवस तिच्यापुढं दळून देल्लं. जाताना म्हणला, "चटणी तं तुह्या हातची राहीन ना. बस." ते पोरगी अजून बी भेटते बजारात. मशीन चालूच हाय म्हणते.

आता माहं सांगते, कारण त्याच्याबिगर पुढचं समजणार नाई.

माहा मालक जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी काढाच्या मशीनीवर, होता. कापसाची धूळ छातीत बसली, खोकून खोकून गेला. दोन पोरी माह्या पदरात. निंदाले जाये, वेचाले जाये, त्यात भागे नाई. मंग मी तरोटा धरला. तरोटा म्हणजे पावसायात रस्त्याच्या कडेनं उगवते थे झाड. कोवळा असला का त्याची भाजी करते. मोठा झाला का जनावर बी तोंड लावत नाई. दिवाळीच्या टायमाले त्याच्या शेंगा वाळते, आत बारीक बारीक दाणे, दगडासारखे. माही सासू नड असली का ते दाणे खापरीत भाजून, दळून, गुळात उकळून आमाले कॉफी म्हणून पाजे. चव कडू, पण पोटाले आधार वाटे. मी तेच कराले लागली. वर्साचे दाणे गोळा करून टिनात भरून ठेवाचे, हप्त्याले भाजाचे, जात्यावर दळाचे. बजारात बसून इकू लागली. ज्यायले चहा सोसत नाई ते म्हातारे लोक घेत.

पहिल्यांदा बशीरभाऊले नेऊन देल्ली तं त्यानं पुडी नाकाशी नेली अन् म्हणला, "बाई, हे ढोरं बी खात नाई, अन् तू मले पाजून राह्यली?"

मी म्हटलं, "ढोरायले भाजून कोणी देल्लं?"

त्यानं पुडी ठेवून घेतली. चार वाजता आपल्या कॉफीत चमचाभर टाकली. प्याला. ग्लास ठेवला. मी घरी आली. दुसऱ्या दिवशी जुबेदाभाभीनं निरोप धाडला का मिस्त्रीनं अजून मांगतली. मंग त्यानंच हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याले, व्यंकटशेठले, सांगतलं. व्यंकटशेठ आपल्या कॉफीत ते मिसळे अन् फळ्यावर लिहून ठेवे, तरोट्याची कॉफी. खालचे, हैदराबादकडचे डायवर लोक मांगून पेत. हप्त्याची पिशवी ठरली. त्या पिशवीवर माह्या पोरी शिकल्या, एकीचं लग्न झालं. दुसरी, लता, नर्सच्या शिक्षणाले यवतमाळले होती.

तेव्हा माहा खांदा गेला. वीस वर्स जातं वढलं होतं, एक दिवस हात वर जाईना. केस इंचरता येईना. डॉक्टर म्हणे जातं बंद करा, नाई तं हात कायमचा जाईन. जातं बंद म्हणजे पिशवी बंद. पिशवी बंद म्हणजे लता घरी. म्हणून घरी दळाची मशीन पाह्याले मी बशीरभाऊकडे गेली. व्यंकटशेठनं सांगून ठेवलं होतं, बाई, भुकटी जशी हाय तशीच पाह्यजे, डायवरायच्या तोंडाले थे चव बसली.

उन्हाया होता. अन् रमजान चालू होता. हे ध्यानात ठेवा.

बशीरभाऊले साखरेचा आजार होता. डॉक्टर नको म्हणे, भाभी हात जोडे, तरी रोजा धरे. "साल में एक महिना त्याचं आयकतो. अकरा महिने डाक्टरचं आयकतो," म्हणे. तोंड सुकलेलं होतं. पण मले पाह्यलं तं बाकडं झटकलं.

"दाणा आणला?"

आणलाच होता. भाजलेला, पिशवीत.

त्या दिवशी त्यानं माह्यासाठी अर्धा दिवस घालवला. पहिले मिक्सरमध्ये टाकला. घर्रकन आवाज झाला, भांडं तापलं, जळका वास आला. कागदावर काढलं तं अर्धी धूळ अन् अर्धे तुकडे. "पाह्य," म्हणला, "पातं मारते. चकती दळते. मारलेल्या दाण्याले चव नाई राहत." मंग दगडाची घरची चक्की लावली. भुकटी बरी आली. पण तो म्हणला, "दगड वास धरून ठेवते. उद्या याच्यात घरचं पीठ दळशीन तं भाकरीले कॉफी लागन. अन् दाणा चिकट हाय, दगडाचं तोंड भरून येईन." मंग कोपऱ्यातून एक जुनी मशीन वढली, दोन पोलादी चकत्यांची, पट्ट्यावर हळू फिरे. समोर एक पिळाचा नट, तो आवळला का बारीक, सोडला का जाडं.

"हे तुही. हळू हाय, पण तापणार नाई. तुले कुठं घाई हाय?"

दाणा टाकला. आवाज जात्यासारखाच येत होता, थोडा जाडा. भुकटी कागदावर काढली, थंडी होऊ देल्ली. त्यानं दोन बोटात घेतली, डोये मिटले, घासली. नट थोडा फिरवला, पुन्हा दळली, पुन्हा घासली.

"बरोबर हाय."

मी बी चिमूट घेतली. माह्या बोटाले ते जाडी लागली. वीस वर्स जातं दळलेली बाई मी, माह्या बोटाले कळणार नाई तं कोणाले कळन. पण बशीरभाऊ बरोबर म्हणला होता. मी माह्याच बोटाले खोटं पाडलं. म्हटलं, खांद्यासंगं बोट बी गेलं असन. नटाले हात लावाचा नाई म्हणून त्याच्यावर चिंधी बांधली अन् मशीन घरी आणली. हप्त्याची सारी भुकटी तशीच दळून व्यंकटशेठकडे पोचवली.

तीन दिवसानं व्यंकटशेठनं पिशवी परत धाडली. स्वतः आला मांगून. माणूस वाईट नव्हता. म्हणे, "बाई, ग्लासाच्या बुडाशी रेती बसते. दोन डायवरायनं कॉफी फेकली. मी एक हप्ता थांबतो. नाई तं मले बंद करावं लागन."

मी पिशवी उचलली अन् बशीरभाऊच्या दुकानात गेली. मनात राग होता. राग होता हे खोटं कायले बोलू. वाटेनं जे जे बोलाचं होतं ते जुळवत गेली.

दुकानात तीन चार गिऱ्हाईक बसले होते. घाटंजीहून एक गिरणीवाला आला होता नव्या चकत्या न्याले. बशीरभाऊ मिक्सरचं पातं बसवून राह्यला होता. मी दारात उभी राह्यली. बोलाले तोंड उघडलं अन् माही नजर त्याच्या हातावर गेली. पात्याची धार त्याच्या बोटात घुसली होती. त्याच दोन बोटायतल्या एका बोटात. रगत टेबलावर टिपकून राह्यलं होतं, खालच्या कागदावर पसरलं होतं. अन् तो आरामानं स्क्रू पिळून राह्यला होता. त्याले माहीतच नव्हतं.

गिरणीवाला म्हणला, "मिस्त्री, हात कापला तुमचा."

बशीरभाऊनं बोटाकडे पाह्यलं. मंग माह्याकडे पाह्यलं. माह्या हातात पिशवी होती. चेहऱ्यावरचं सारं गेलं त्याच्या.

मले तेव्हा समजलं. एरवी जीभ बोटाची लाज राखत होती. घासाचं नुसतं लोकायले दिसाले, समजे सारं जिभेले. रमजानमध्ये जिभेले लावता येत नव्हतं. पाण्याचा घोट चालत नाई तं भुकटी कशी चालन. म्हणून माही मशीन त्यानं नुसत्या बोटावर लावली होती, अन् बोटं कधीचीच मेली होती.

"काय वं बाई, काय झालं?" गिरणीवाल्यानं मले इचारलं. "पिशवी कायची?"

सारे पाहून राह्यले होते.

मी म्हटलं, "काही नाई. दाणा भाजाले चुकली मी. कच्चा राह्यला. जाडी भुकटी आली."

बशीरभाऊनं फडक्यानं बोट बांधलं. मी पिशवी घेऊन घरी आली. घरी आल्यावर बसली भिताडाले टेकून. रडली नाई. रडून खांदा थोडी नीट होते. लताले काय सांगाचं याचा इचार करत बसली.

दुसऱ्या दिवशी सकायी बशीरभाऊ माह्या दारात. आजवर कधी आला नव्हता. एवढ्या उन्हात, रोजा धरलेला, पाय वढत. मी बाज टाकली. पाणी देता येत नव्हतं, काही देता येत नव्हतं. नुसती उभी राह्यली.

तो म्हणला, "बाई, तुहा दाणा कच्चा नव्हता. तुहा दाणा मी वासावरून ओळखतो. तू काहून झूठ बोलली?"

मी म्हटलं, "चार लोक होते."

"म्हणूनच तं." त्यानं बांधलेलं बोट पुढं धरलं. म्हणला, "दोन साल झाले. पहिले मुंग्या आल्या. मंग मुंग्या बी गेल्या. गरम चहाचा ग्लास धरतो तं समजत नाई. तुह्या भाभीले बी नाई सांगतलं. बोट गेलं म्हणलं तं मिस्त्री कायचा?"

"कोणाले सांगणार नाई मी."

"तू नाई सांगशीन. पण तुह्या लेकीचं शिक्षण त्या नटात हाय, अन् नट मी चुकीचा लावला." उठला. "मशीन कुठी हाय? चल. तुहं बोट अन् माहा हात."

मंग आमी बसलो मशीनीजवळ. तो नट फिरवे, मी दाणा टाको. भुकटी ताटात काढो, थंडी होऊ देओ. मी घासो अन् सांगो.

"जाडी."

"कितीक?"

"ज्वारीच्या कण्याएवढी."

नट थोडा फिरे. पुन्हा.

"आता?"

"आता बी जाडी. जरासी."

मांगच्या खेपेस जे मी बोलली नव्हती ते त्या दिवशी सारं बोलली. सहाव्या का सातव्या खेपेस माह्या बोटाले ते लागलं जे वीस वर्स जात्याखाली लागत होतं. मी म्हटलं, "हेच."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यानं डोये मिटले. मंग खिशातून कानस काढली अन् नटावर अन् बाजूच्या लोखंडावर समोरासमोर एक एक खाच घासली. "या दोन खुणा एकमेकासमोर ठेवाच्या. मंग कोणाचं बोट लागत नाई. माहं बी नाई, तुहं बी नाई."

ते खूण अजून बी हाय. मशीन अजून चालते. व्यंकटशेठनं पुढच्या हप्त्याले पिशवी घेतली, परत धाडली नाई. लता नर्स झाली.

पण मले सांगाचं थे हे नाई. नट लावला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भाजी घ्याले गल्लीतून चालली होती. दुकानात तोच घाटंजीचा गिरणीवाला होता, चकत्या न्याले परत आला होता. त्यानं पिठाची पुडी पुढं केली, मिस्त्री, पाहा जरा. बशीरभाऊनं पुडी परत सरकवली.

"माह्या बोटाले आता समजत नाई. साखरेनं गेले. तुमचं बोट लावा. तुमी सांगा, मी पिळतो."

गिरणीवाला म्हणला, "काय मजाक करता मिस्त्री."

"मजाक नाई. परसो त्या बाईचा दाणा कच्चा नव्हता. माहं बोट कच्चं होतं. तिनं माह्यासाठी सांगतलं तसं."

मी गल्लीत उभी होती, हातात वांगे. तिथूनच फिरली अन् घरी आली. पदर तोंडाले लावला, कोणाले दिसू नये म्हणून.

त्याच्यानंतर गिऱ्हाईक कमी झालं हे खरं. काही लोक नव्या दुकानात जाऊ लागले जिथं मशीन खोक्यातच भेटे, दाणा कोणी इचारत नाई. पण जे येत त्यायले बशीरभाऊ शिकवे. चिमूट देये त्यायच्या हाती. "घास. काय लागते?" लोक लाजत, म्हणत आमाले काय समजते. "घरी तूच दळणार ना? मी थोडी येतो तुह्या घरी." काही पोरी अश्या शिकल्या का आजूबाजूच्या बाया त्यायच्याकडे पीठ दाखवाले नेत. अन् कोणती बी मशीन दुकानाबाहेर निंगाली का तिच्या नटावर कानसीची खाच असे.

चार वाजताची कॉफी मात्र तोच दळे. बोट गेलं तरी कान होते.

पुढं त्याच्या पायाचं दुखणं निंगालं. पहिले एक आंगठा काढला, मंग अजून काही. दुकान बंद झालं. घरापुढं, लिंबाच्या झाडाखाली, खुर्ची टाकून बसे. ते हातचक्की भाभीनं खिडकीच्या कठड्याले ठोकून देल्ली होती.

शेवटचं पाह्यलं थे असं. मले लताकडे जाचं होतं, तिचं बाळंतपण होतं. ज्या नातीनं परवा फोन केला तिच्या लहान भावाच्या वेळचं. गाडी सकायची होती. मी म्हटलं, जाताना बशीरभाऊले डबा देऊन जाऊ. सकायीच भाजली, दळली, डब्यात भरली. डबा पोटाशी धरून नेला तं लुगड्यातून गरम लागत होता.

"बशीरभाऊ, घ्या. ताजी हाय."

त्यानं भाभीले कागद मांगतला. मांडीवर पसरला. चिमूटभर भुकटी त्याच्यावर टाकली. बोटायनं पाह्यलं नाई. मनगटाची आतली बाजू भुकटीले टेकवली, तिथं अजून समजत असन.

"गरम हाय."

"आत्ताच दळली."

"मंग थांब. थंडी होऊ दे."

मी म्हटलं, "गाडी हाय भाऊ. लता वाट पाहून राह्यली."

"जाय मंग. आल्यावर सांगीन."

मी निंगाली. गल्लीच्या तोंडाशी वळून पाह्यलं. वारा सुटला होता, लिंबाचे पानं खाली येत होते. तो तसाच बसून होता. एका हातानं कागद धरला होता अन् दुसरा हात भुकटीवर झाकून ठेवला होता, उडू नये म्हणून.

मी महिन्यानं परत आली, तं लिंबाखाली खुर्ची नव्हती.